सुईदोऱ्याच्या डब्यातला प्रोसेसर

माझी जीभ तिखट. माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, लग्न झाल्यावर सासूबाईंनाही कळलं. त्यांची माझ्याहून तिखट निघाली, म्हणून आमचं जमलं. आयुष्यात ज्यांना ज्यांना बोलले त्यातल्या बहुतेकांना ते लागूच होतं, असं मी आजही म्हणेन. फक्त एका माणसाला बोलले ते नाही. आणि तेही कशापायी, तर बिस्किटाएवढ्या एका चौकोनी तुकड्यापायी.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. आधी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे. घराचे, बंगल्यांचे, चार मजली बिल्डिंगचे. हात बसलेला होता. मुलगी दीड वर्षाची झाली तरी हातातली खाज काही जात नव्हती. पोळी लाटताना मी पोळपाटावर पिठात बोटाने खोल्या आखायचे. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, “पीठ वाया नको घालवू गो.”

त्यात एक दिवस जवळच्या विचुंबे गावचे एक ठेकेदार घरी आले. जुन्या ऑफिसात त्यांची कामं मीच करायचे. बाप शेतकरी, हे आता बिल्डर. पांढरा शर्ट, पायात तीच शेतावरची चप्पल. म्हणाले, “ताई, घरात कॉम्प्युटर ठेवा. माजे सगले नकाशे तुमच्याकडंच येतील. दिवाली होईपर्यंत थांबतो. मग मात्र दुसऱ्याला द्यावे लागतील.”

झालं. मला दुसरं काही सुचेना. तयार कॉम्प्युटरच्या किमती ऐकल्या आणि नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तो तळोज्याच्या कारखान्यात, पगार बेताचा. मग ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि आपणच जोडायचा. “तुला येईल?” नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, “स्वयंपाक येतो ना? तोही कोणी शिकवला नव्हता.”

सुटे भाग म्हटले की पहिला प्रश्न प्रोसेसरचा. कॉम्प्युटरचा मेंदू तोच. एकदा तो ठरला की बाकीचं त्याच्या मापाने घ्यायचं. तीन आठवडे मी दुसरं काही वाचलं नाही. जुनी मासिकं मागून आणली. एका मोठ्या कंपनीचा होता, जाहिरातीत झळकणारा, महाग. त्याच कंपनीचा एक स्वस्तातला होता, नाव वेगळं, तोंडवळा तोच, पण धाव अर्धी. आणि तिसरा दुसऱ्या कंपनीचा, स्वस्त आणि वेगवान, पण लोक म्हणत फार तापतो. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. दीर म्हणाला स्वस्तातला घे, तुला काय करायचंय जास्त? मी त्याला सांगितलं काय करायचंय ते, चांगलं पाच मिनिटं सांगितलं. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

शेवटी निर्णय केला सासूबाईंनी. त्या ओवे गावच्या, शाळेत गेल्या त्या दुसरीपर्यंत. मी कागद पसरून बसले होते. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “ह्यातला फिरणारा कंचा?”

“फिरत काही नाही आई. पण सगळं काम हा करतो,” मी प्रोसेसरच्या चित्रावर बोट ठेवलं.

“मंग तो चांगला घे. मिक्सरला मोटर चांगली पायजे. भांडी काय, मागनं बी घेता येतात.”

एवढंच. तीन आठवड्यांची मासिकं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. ठरलं की पडदा जुना घ्यायचा, बाहेरचं कॅबिनेट साध्यातलं साधं, स्पीकर नाहीतच. पण प्रोसेसर मोठ्या कंपनीचा, अस्सल.

आणि अस्सल म्हटलं की आमच्या मजल्यावर एकच पत्ता. समोरच्या दारातले चाचा.

चाचा वीस वर्षं आखातात. दोन वर्षांनी एकदा महिनाभर यायचे. चाची, मुलगा आणि मुलगी इथे, दोन खोल्यांत. त्यांच्या आतल्या खोलीची खिडकी जिन्यात उघडते, म्हणजे ती असून नसल्यासारखी. आमच्या बिल्डिंगमध्ये रीतच होती. तिकडे कोणी निघालं की त्याच्याबरोबर चाचांना चिठ्ठ्या जायच्या. कोणाला टॉर्च, कोणाला मलम, कोणाला बाळाची दुधाची बाटली. चाचा कोणाची चिठ्ठी कधी विसरले नाहीत. श्रावणात चाचींचा भाचा तिकडे निघाला तेव्हा मीही चिठ्ठी दिली. कंपनीचं नाव, प्रोसेसरचं नाव, वेग. अक्षर सुवाच्य, नकाशावर लिहितात तसं. तिकडे स्वस्तही मिळायचा.

आठ-दहा दिवसांनी चाचींनी मला हाक मारली, फोन आला म्हणून. चाचा म्हणाले, “सूनबाई, आणतो. बिलकुल आणतो. पण एक शर्त आहे. त्याच्यावर पहिला नकाशा माझ्या घराचा निघाला पाहिजे.”

मला माहीत होतं. विचुंब्याला त्यांनी दोन गुंठे घेऊन ठेवले होते, एका कोपऱ्यातून नाला गेल्यामुळे तिरकी कापलेली जागा. वीस वर्षांची कमाई म्हणजे ती जागा.

“काढते की चाचा. कसं हवं घर?”

ते म्हणाले, “बाकी तुझ्या चाचीला विचार. मला फक्त माझ्या पलंगाशी एक खिडकी दे. इथे आम्ही आठ जण एका खोलीत झोपतो ना, भिंतीला एसी आहे, खिडकी नाही. खिडकी मोठी दे.”

मी तेव्हाच मनात त्या घराची खिडकी काढली. पूर्वेला, साडेचार फूट रुंद.

आता दसऱ्याची गोष्ट. आमच्या सासूबाईंचा एक कायदा होता. दसऱ्याला घरातल्या हत्याराची पूजा झालीच पाहिजे. नवऱ्याचे पाने-पकडी, माझी विळी, शिवणाचं मशीन, सगळं पाटावर. त्या वर्षी त्या अडून बसल्या. “तुजं खरं हत्यार ह्या वर्षी येतंय ना? मंग तेचीच पूजा झाली पायजे. काय बी आण त्यातलं.”

मी म्हटलं, आई, प्रोसेसर येऊ दे, त्याच्या मापाने बाकीचं घेऊ. “तवर दसरा थांबणार हाय काय?” त्यांनी विचारलं. आणि खरं सांगू? मलाही कुठे धीर होता? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. स्टँडसमोरच्या गल्लीत एक दुकान होतं, तिथला दुकानदार शांत माणूस. त्याला प्रोसेसरचं नाव आणि वेग सांगितला, त्याने त्यावर बसणारा मदरबोर्ड काढून दिला. मदरबोर्ड म्हणजे ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर प्रोसेसर आणि बाकी सगळं बसतं. तिच्या मधोमध पांढरा चौकोन, चाळणीसारखी बारीक भोकं असलेला. प्रोसेसरच्या खालच्या पिना त्या भोकांत बसवायच्या, बाजूचा खटका दाबायचा, झालं.

पाटावर बोर्ड आणि त्याचं खोकं ठेवलं तर सासूबाई हळद-कुंकवाची बोटं घेऊन सरळ त्या चाळणीवरच निघाल्या. मी ओरडलेच. “आई, तिथे नको! खोक्यावर लावा, खोक्यावर!” त्यांनी नाक मुरडलं, पण बोर्ड वाचला. खोक्यावर मात्र त्यांनी मनसोक्त लावलं. पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची, वर झेंडूचं फूल. नंबराच्या स्टिकरवर तर कुंकवाचा लपकाच बसला. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली होती. चाचा रोज्यांतच आले. त्यांच्या घरी बॅग उघडायची वेळ ठरलेली असायची, आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांना बोलावून. ज्याची वस्तू त्याच्या हातात. मी मुलीला कडेवर घेऊन उभी. टॉर्च निघाला, खजूर निघाले, अत्तराच्या बाटल्या निघाल्या. माझं काही निघेना. चाचा हसले आणि शर्टाच्या वरच्या खिशातून एक छोटं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “हे बॅगेत नाही ठेवलं. दबलं असतं. सबंध विमानात छातीशी धरून बसलो होतो.”

मी घरी आले, चटईवर बसून पाकीट उघडलं. प्रोसेसर उलटा केला. खाली एकही पिन नाही.

एकही नाही. सपाट. नुसते सोनेरी ठिपके, ओळीने. मासिकातल्या चित्रात शेकडो पिना, आणि इथे पिना होत्या तिथे फक्त त्यांच्या जागा राहिलेल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खिशात ठेवला, कोपर लागलं असेल, चेंगरला असेल, झडल्या सगळ्या पिना! दिवाळीला किती दिवस उरले ते मला पाठ होतं.

तशीच उठले आणि समोर गेले. अजून चारजण बसलेले होते. मी दारातूनच सुरू केलं. “चाचा, हे काय आणलंत? सगळ्या पिना मोडल्या! बॅगेत असता तर धड राहिला असता. खिशात काय ठेवायची वस्तू आहे ही? वीस वर्षं तिकडे राहून एक वस्तू तुम्हाला नीट आणता येत नाही?”

आणि चाचांनी काय केलं? त्यांनी खिशात हात घातला. दोन बोटांनी खिशाचा तळ चाचपून बघू लागले. मोडलेल्या पिना शोधत होते ते! सापडल्या तर मला परत द्यायच्या म्हणून. “इथे तर नाहीत, सूनबाई,” ते म्हणाले. “थांब, शर्ट झटकून बघतो.”

मी वळले आणि निघून आले. ते उपाशी होते, रोजा होता, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने प्रोसेसर उजेडात धरला आणि म्हणाला, “ताई, ह्याला पिना नसतातच. हा नवीन निघालाय. ह्याच्या पिना बोर्डात असतात, खाली. मोडलं काहीच नाही. एकदम कोरा आहे.”

“पण नाव तर तेच आहे. वेगही तोच.”

“नाव तेच, वेग तोच. बैठक बदलली. ह्या वर्षीच. तुम्ही बैठकीचा नंबर सांगितला नव्हता, मला वाटलं जुनाच येतोय.”

तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. बैठकीचा नंबर. मी चिठ्ठीत तो लिहिलाच नव्हता. ज्या बाईने शेकडो दारं काढली, प्रत्येक दाराला चौकटीचं माप लिहिलं, तिने चौकट एका मापाची घेतली आणि दार न मोजता मागवलं. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! ज्याने ते दार सातासमुद्रापलीकडून छातीशी धरून आणलं त्यालाच चार माणसांत बोलले.

“मग बोर्ड बदलून द्या,” मी म्हटलं.

त्याने खोकं फिरवून माझ्यासमोर धरलं. दहा बोटं, नंबरावर कुंकू, एक झेंडूची पाकळी अजून चिकटलेली. “ताई, मी बदलून दिला असता. पण पूजा झालेला माल मी विकू कोणाला? गिऱ्हाईक म्हणेल वापरलेला दिला. आणि मलाही बरं वाटणार नाही.”

त्याची मला दया आली आणि त्यालाही माझी आली असावी. त्याने खालचा खण उघडला, काळ्या स्पंजात खोचलेला एक जुना प्रोसेसर काढला. कोणाच्या तरी जळलेल्या मशीनमधला. स्वस्तातला, तोच, अर्धी धाववाला. दिराने सांगितलेला. “हा ह्याच्यावर बसतो. चालेल. पण हळू चालेल हां.”

मी तो घेतला. पण घरी न जाता आधी समोरच्या दाराशी गेले. दार चाचींनी उघडलं. त्यांनी मला आत ये म्हटलं नाही. “सकाळपासून तीनदा शर्ट झटकलाय त्यांनी,” त्या म्हणाल्या. “बॅगपण उलटी केली. काय शोधतायत, माहितीय ना तुला?”

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून रडले, सरळ सांगते. आत गेले आणि चाचांच्या पायाशी बसले. म्हटलं, चाचा, पिना मोडल्या नाहीत, त्या नव्हत्याच. चूक माझी आहे. मी अर्धीच चिठ्ठी लिहिली.

ते म्हणाले, “नाही नाही, चूक माझीच. दुकानात दोन दाखवले होते. एक जुना, एक नवीन, किंमत एकच. तुझ्या चिठ्ठीतलं नाव दोघांवर होतं. मी म्हटलं, सूनबाईला जुनं कशाला? वीस वर्षांत मी स्वतःला कधी नवीन मॉडेल घेतलं नाही, म्हटलं निदान तिला तरी...” आणि हसले. मला वाटतं, ते हसले नसते तर मला एवढं लागलं नसतं.

दिवाळीच्या पाडव्याला मशीन सुरू झालं. मी स्वतः जोडलं, चटईवर बसून, पुस्तकात बघत. सुरू व्हायला इतका वेळ घेतला की सासूबाईंनी दोन वेळा विचारलं, “गेला काय गो?” पण पडदा उजळला. त्या लगेच आतून करंडा घेऊन आल्या. ह्या वेळी मी त्यांना पडद्याच्या कडेला लावू दिलं.

आणि मी चाचांचं घर काढायला घेतलं. शर्त होती ना. ठेकेदाराची दिवाळी संपत आली होती, चाचांची सुट्टीही. नकाशा दोन दिवसांत झाला. चाचींनी स्वयंपाकघर मागितलं ते दिलं, ओटा मागितला, पुढे बसायला पडवी मागितली. चाचांना दाखवला, तर त्यांनी बराच वेळ बघून हळूच विचारलं, “सूनबाई, ह्यात घर कुठे आहे?” नुसत्या रेघांचा नकाशा त्यांना वाचता येईना. मग मी ठरवलं, उभं घर काढायचं, भिंती, छप्पर, खिडक्या, रस्त्यावरून दिसतं तसं. त्या गरीब मशीनवर म्हणजे गाढवावर हत्तीचं ओझं. पण काढलं.

चाचा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. चांगला प्रोसेसर असता तर चित्र चटकन आलं असतं. हा बिचारा एकेक भाग मोजायचा आणि मग दाखवायचा. मला शरम वाटत होती. मी म्हणत होते, जरा थांबा चाचा, हळू आहे, जरा थांबा. पण चाचा ऐकत नव्हते. आधी जोतं आलं. मग डावी भिंत आली, मग पडवीचे दोन खांब, एक मग दुसरा. “पाया झाला,” ते स्वतःशीच म्हणाले. “भिंत उठली.” चाची दाराशी येऊन उभ्या राहिल्या. छप्पर आलं. दार आलं. सगळ्यात शेवटी, पूर्वेच्या भिंतीत, साडेचार फुटांची खिडकी.

चाचा म्हणाले, “परत एकदा बांध.”

बांध म्हणाले ते, दाखव नाही. मी परत बटण दाबलं. त्या दुपारी मी ते घर चार वेळा बांधलं.

त्याच घराचे कागद छापून मी ठेकेदारांकडे नेले. त्यांनी उलटसुलट बघितले आणि म्हणाले, “घरी बसून केलात? मंग हाय की तुमचं काम.” दुसऱ्या दिवशी पहिलं काम आलं. चाचा सपाट प्रोसेसर बदलून घ्यायला परत खिशात घालून गेले. ह्या वेळी चिठ्ठीत मी बैठकीचा नंबर लिहिला होता, खाली दोन रेघा मारून. उन्हाळ्यात चाचांनी इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पिनांचा प्रोसेसर पाठवला. मी बसवला आणि मशीनला पंख फुटले. जुना काळ्या स्पंजात खोचून सुईदोऱ्याच्या डब्यात टाकला. फेकवला नाही.

मग कामच काम. दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. आमचं भाड्याचं घर स्वतःचं झालं नाही, पण मुलगी चांगल्या शाळेत गेली आणि नवरा वर्तमानपत्रामागे लपायचा थांबला.

एक दिवस ठेकेदारांनी नवीन जागेचा मोजणीचा कागद आणला. विचुंब्याचीच, तीन-चार प्लॉट एकत्र केलेले, त्यावर सात मजले. मी कागद पसरला आणि माझा हात थांबला. पूर्वेच्या अंगाला एक कोपरा तिरका कापलेला होता. नाला. ते माप मला तोंडपाठ होतं.

“ही जागा तर चाचांची,” मी म्हटलं.

“हो ताई. त्यांनी दिली ती. मुलाला तिकडं पाठवायचा होता, एजंटाला पैसे द्यायला पायजे होते. मी काय त्यांना फसवलं नाय, रास्त भाव दिला.” मग म्हणाले, “ते बोलले होते, ताईंना आत्ताच नका सांगू.”

मी त्यांच्यावर चिडले. कारण नसताना चिडले. मग त्यांनी काम मागे घ्यायची तयारी दाखवली, आणि मी ते काम ठेवून घेतलं. कोणीतरी काढणारच होतं. चाचांनी पाठवलेल्या प्रोसेसरवर मी चाचांच्या जागेवर सात मजले उभे केले. दोन-तीन सेकंदांत सगळी बिल्डिंग पडद्यावर यायची. इतक्या पटकन, की नजर फिरवायलाही वेळ मिळायचा नाही.

त्या वर्षी चाचा आले ते कायमचे. मुलगा त्यांच्या जागी गेला होता, त्याच कंपनीत. त्याच खोलीत गेला का, हे मी विचारलं नाही. चाचा आता त्या आतल्या खोलीत झोपायचे, जिन्याकडच्या खिडकीशी. चार-पाच दिवसांनी दुपारी ते माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, “सूनबाई, ते घर आहे का अजून?”

“आहे ना चाचा.”

मी फाइल उघडली. बटण दाबलं. घर एकदम आलं. जोतं, खांब, छप्पर, खिडकी, सगळं एका वेळी, पापणी लवायच्या आत. चाचा पुढे सरकायला लागले होते ते तिथेच थांबले. “झालं?” त्यांनी विचारलं. “एवढ्यात?”

त्यांनी मला जागेचं काही सांगितलं नाही. मी काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. ते उठायला लागले तर मी म्हटलं, “चाचा, मशीन जरा बिघडलंय. नीट दाखवत नाही. नमाज पढून या, तोवर बघते.”

ते गेले. मी दार लोटलं, स्क्रू काढले, कॅबिनेटची बाजू उघडली. पंखा सोडवला, खटका उचलला आणि त्यांनी छातीशी धरून आणलेल्याच्या बदल्यात आलेला तो चांगला प्रोसेसर बाहेर काढला. सुईदोऱ्याचा डबा शोधला. रिळांच्या खाली काळा स्पंज होता, त्यातला जुना, हळू प्रोसेसर काढून बसवला. सासूबाई बघत होत्या. मला वाटलं विचारतील, चांगली मोटर का काढतेस म्हणून. त्यांनी स्वयंपाकघरातून चाचांसाठी पाणी आणून टेबलावर ठेवलं.

चाचा परत आले, बसले. मी बटण दाबलं.

आधी जोतं आलं. ते खुर्चीत पुढे झाले. डावी भिंत आली. “उठली,” ते म्हणाले. एक खांब. मग वाट बघायला लावून दुसरा. छप्पर अर्धं येऊन थांबलं तेव्हा त्यांनी मला हाताने खुणावलं, घाई नको, येऊ दे. दार आलं. आणि मग बराच वेळ पूर्वेची भिंत कोरीच राहिली. शेवटी तिच्यात खिडकी आली.

“हवा चांगली येईल इथून,” चाचा म्हणाले.

“येईल चाचा.”

समोरच्या घरातून चाचींनी चहाला हाक मारली, एकदा, मग पुन्हा एकदा. ते उठले नाहीत.